घरची पंच

लातूरच्या मैदानावर अंतिम सामन्याची वेळ होऊन गेली, तरी दुसऱ्या पंचांचा पत्ता नव्हता. नांदेडहून निघालेले ते सर लोह्याजवळ मोटरसायकलवरून घसरले, हात मोडलाय, असा शेवटी फोन आला. मुख्य पंच आदिनाथ सर परभणीचे, नियमाला पक्के. एका पंचावर अंतिम सामना होत नसतो, पुढच्या रविवारी बघू, असं त्यांनी सांगून टाकलं.

पुढचा रविवार अर्धापूरच्या मुलींना मिळणार नव्हता. एकीच्या घरी सोयरीक ठरत होती, दोघींना घरच्यांनी ‘एवढं एकदाच’ म्हणून सोडलं होतं, आणि केळीची काढणी जोरात सुरू झाली की त्यांच्यातल्या लुंबिनीला कोणी हलू दिलं नसतं. क्लबाचं हे तिसरं वर्ष. विभागातल्या क्लबांच्या स्पर्धेत त्या पहिल्यांदाच इथवर आल्या होत्या आणि जिंकणारा संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार होता.

क्लब काढला होता धम्मप्रिया जोंधळेनं. तिचे वडील आनंदराज पंचायत समितीत नोकरीला. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी तिला बारावीनंतर लातूरला क्लासला घातलं. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. पण होस्टेलच्या मागच्या गल्लीत बास्केटबॉलचं मैदान होतं आणि तिथं सुकन्या नावाची, डाळीचे आडते मल्लिकार्जुनअप्पा यांची मुलगी रोज संध्याकाळी खेळायची. तिनं धम्मप्रियाला चेंडू धरायला शिकवलं, मग हळूहळू सगळंच शिकवलं. रविवारी होस्टेलची मेस बंद असायची, तेव्हा धम्मप्रिया सुकन्याच्या घरी जेवायची. सुकन्याची आई गुरम्मा तिला दोन घास जास्तच वाढायची. धम्मप्रिया अर्धापूरला परतली ती पिशवीत एक जुना चेंडू घेऊन. वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

अर्धापुरात मैदान कुठलं? केळीचे व्यापारी भुजंगराव यांच्या पॅकिंग हाऊसपुढं सिमेंटचं मोठं अंगण होतं. तिथं ट्रक लागायचे, घड धुतले जायचे, खोकी भरली जायची. हंगाम नसला की ते रिकामंच असायचं. धम्मप्रियानं भुजंगरावांना गाठून परवानगी काढली, वेल्डरकडून लोखंडी खांब उभा करून घेतला आणि चार मुलींना घेऊन सुरुवात केली. पहिले काही महिने कंपाउंडबाहेर बघे उभे राहायचे. हाफ पँटवरून बरंच बोललं गेलं. मुली पडल्या की कपड्यांना केळीचा चीक लागायचा आणि ते काळे डाग जन्मभर निघायचे नाहीत, त्यावरूनही घरी बोलणी बसायची. तरी मुली टिकल्या, वाढल्या. त्यांत सगळ्यांत चपळ लुंबिनी. तिचे वडील भीमा त्याच पॅकिंग हाऊसला केळीचे घड उतरवायचे. ती आता बीएच्या पहिल्या वर्षाला होती.

तर त्या दिवशी लातूरला, सामना पुढं ढकलायची बोलणी चालू असताना सुकन्या पुढं आली. अर्धापूरसमोर खेळणाऱ्या लातूरच्या क्लबाची ती कर्णधार होती आणि शिकवणारीही तीच.

“सर, धम्मप्रियानं पंचाची परीक्षा दिलीय. तिला उभी करा. आमची हरकत नाही.”

आदिनाथ सरांनी सांगितलं की समोरचा संघ धम्मप्रियाचाच आहे.

“असू दे की. मी तिला ओळखते.”

धम्मप्रियाला ते नको होतं. तिनं तसं म्हटलंही. आपण पंच झालो तर बाकावरून मुलींना सांगणार कोण, आणि उद्या कोणी बोट दाखवलं तर काय, हे दोन्ही तिच्या मनात होतं. पण तिनं मुलींकडं बघितलं. लुंबिनीच म्हणाली, “व्हा की ताई. आमी खेळताव आमचं.” मग तिनं शिट्टी घेतली.

पहिल्या अर्ध्यात काही बिघडलं नाही. दोन्ही संघ बरोबरीनं चालले होते. मध्येच तिनं लातूरच्या एका मुलीला धक्का मारल्याबद्दल फाउल दिला, तो अगदी उघड होता. पण प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, “घरची पंच हाय, मग काय!” लोक हसले. तिनं मान वर केली नाही. त्यानंतर प्रत्येक शिट्टीला तो आवाज येत राहिला, कधी एकाचा, कधी चौघांचा. तिसऱ्या क्वार्टरला तिनं स्वतःच्या संघातल्या मुलीला चेंडू घेऊन चालल्याबद्दल थांबवलं, तेव्हा त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून तिला बरं वाटलं. बरं वाटलं हे लक्षात आलं आणि तिला भीती वाटली.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा लातूर एका गुणानं पुढं होतं. चेंडू लुंबिनीकडं होता, उजव्या कोपऱ्यात, आणि तिच्यापुढं सुकन्या. लुंबिनीनं आधी मधल्या बाजूला जायची हूल दिली आणि मग बेसलाइनला, म्हणजे रिंगमागच्या शेवटच्या रेषेला चिकटून आत घुसली. रेषा आणि सुकन्या यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा होती. ती बंद करायला सुकन्यानं पाय सरकवला. त्याच क्षणी लुंबिनीनं उडी घेतली. चेंडू बोर्डला लागून आत पडला आणि अर्धापूरचा बाक ओरडत उभा राहिला.

पण शिट्टी वाजली होती. रेषेमागं उभ्या असलेल्या धम्मप्रियाला सुकन्याच्या पोटरीआडून लुंबिनीचा बूट पांढऱ्या रेषेवर दिसला होता, निदान तसं वाटलं होतं. तिचा हात वर गेला. पाय बाहेर, बास्केट रद्द.

लुंबिनी धावत तिच्याकडं आली. “ताई, रेघीवर न्हवता पाय. सुकन्याताईच्या पायावर होता.”

तसं असेल तर बास्केट बरोबर होतं. दुसऱ्या खेळाडूच्या पायावर पाय पडणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. आदिनाथ सर मैदानाच्या मध्यावरून आले आणि त्यांनी विचारलं, नक्की दिसलं का. धम्मप्रियानं हो म्हटलं. सुकन्या खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही. लातूरनं चेंडू आत टाकला आणि वेळ संपली.

परतीच्या वाटेवर क्रूझर गाडी अहमदपूरला चहाला थांबली तेव्हा मुली एका टेबलाला बसल्या आणि धम्मप्रियाला जागा ठेवली नाही. ती गाडीजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं लुंबिनी कप घेऊन तिच्यापाशी आली. रडलेली दिसत होती, पण आवाज शांत होता.

“एक विचारू का? तितं दुसऱ्या कोणाची पोरगी असती, तर शिट्टी मारली असती का तुमी?”

धम्मप्रियाला लगेच उत्तर द्यायचं होतं आणि ते तिला सापडेना. लुंबिनी चहा तसाच गटारात ओतून गाडीत जाऊन बसली.

गावात बातमी त्यांच्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून निरनिराळं कानावर यायला लागलं. धम्मप्रिया लातूरला त्या आडत्याच्या घरी जेवत होती, मिठाला जागली, असं कोणी म्हणालं. भीमा पॅकिंग हाऊसच्या दारात तिच्यासमोर आला आणि म्हणाला, “माही पोरगी खोटं बोलत न्हाई, बाई.” एवढंच बोलून तो कामाला गेला. ते ऐकून तिला जेवढं लागलं तेवढं बाकी कशानं लागलं नाही. भुजंगरावांनी वेगळीच गोष्ट काढली. त्यांनी जागा अर्धापूरच्या मुलींसाठी दिली होती. मुलीच नाराज असतील तर यंदा हंगामाला अंगण लवकर रिकामं करून घेतो, असं त्यांनी कळवलं. संध्याकाळी सरावाला मुली कमी व्हायला लागल्या. लुंबिनी यायची, पण धम्मप्रिया काही सांगायला लागली की पाणी प्यायला जायची.

धम्मप्रियानं कोणीतरी मोबाइलवर काढलेली चित्रफीत मिळवली. शेवटच्या क्षणी पुढचा माणूस उभा राहिला होता, त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. मग तिनं सुकन्याला फोन केला. सुकन्यानं तो उचलला नाही, संध्याकाळी निरोप पाठवला की सरावात आहे, आणि खेळात असं होतंच, फार मनावर घेऊ नको. धम्मप्रियानं तो निरोप परत परत वाचला. पाय रेषेवर होता असं त्यात कुठंच म्हटलं नव्हतं.

ती सकाळच्या एसटीनं लातूरला गेली. घरी गुरम्मानं दार उघडलं आणि तिला बघून खूश झाली. इतक्या दिवसांनी आलीस, वाळलीस किती, असं म्हणत तिनं आधी ताटच मांडलं. सुकन्या आतून आली. दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. गुरम्मा जवळच बसून बोलत राहिली, अर्धापूरची केळी, आनंदराजांची तब्येत, सुकन्याला आलेलं निलंग्याचं स्थळ. दोघी हो-नाही करत होत्या.

सुकन्या चटणी आणायला उठली तेव्हा धम्मप्रियाचं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. घरात ती अनवाणी होती. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण काळंनिळं झालं होतं आणि भोवतीचं मांस सुजलेलं होतं.

सुकन्यानं तिला बघताना बघितलं. चटणीची वाटी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

जेवण कसंबसं उरकून दोघी गच्चीवर गेल्या. खाली गल्लीत क्लास सुटला होता आणि मुलांचा गलका चालू होता.

“लुंबिनीचा सगळा भार तिथं पडला ना?” धम्मप्रियानं विचारलं.

“हाव.”

“मग बोलली का नाहीस?”

सुकन्यानं कठड्यावर हात ठेवले. “जिंकायचं होतं. माझ्या पोरी पण तुझ्यासारख्याच वर्षभर मरमर करून राहिल्या होत्या. मला वाटलं, पंच दोन आहेत, ते बघतील.” मग ती वळली. “आणि मी नुसती गप्प बसले, प्रिया. शिट्टी तुझी होती.”

धम्मप्रिया भांडायला आली होती. पण ते वाक्य खरं होतं. अहमदपूरला न सापडलेलं उत्तर तिला इथं सापडलं. लोक घरची पंच म्हणत होते तेव्हापासून ती एका संधीची वाट बघत होती. सगळ्यांसमोर स्वतःच्या संघाविरुद्ध शिट्टी मारून दाखवायची, की मग कोणी बोलणार नाही. बूट नीट दिसायच्या आधीच तिची शिट्टी तोंडात तयार होती. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर ती थांबली असती, नीट बघितलं असतं.

तिनं सुकन्याला ते सांगितलं. राज्याच्या स्पर्धेतून नाव काढ, असं धम्मप्रिया म्हणाली नाही. तक्रारीची मुदत निघून गेली होती, आणि सुकन्याच्या मुलींनी काही केलं नव्हतं. तिनं एकच मागितलं. लुंबिनीला हे तुझ्या तोंडून कळू दे.

“स्पर्धा होऊ दे,” सुकन्या म्हणाली. “मग बघते.”

येते असं ती म्हणाली नव्हती. धम्मप्रिया स्टँडवर गेली आणि मिळेल त्या गाडीनं परतली.

संध्याकाळी सरावाला जेवढ्या मुली होत्या तेवढ्यांना तिनं अंगणात बसवलं. लुंबिनी खरं बोलत होती, असं तिनं सांगितलं. आपण चुकलो, आणि नुसते डोळे चुकले नाहीत. लोकांनी आपल्याला घरची म्हणू नये म्हणून आपण आपल्याच पोरीला बाहेर काढलं, हेही सांगितलं. मुली खाली बघत होत्या. बोलणं संपलं तशी लुंबिनी उठली, बूट काढून पिशवीत घातले आणि अनवाणीच फाटकातून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही.

धम्मप्रियानं घरी सांगितलं नव्हतं, पण आनंदराजांना कळलंच. जेवताना ते म्हणाले की कबूल केलंस ते बरं केलंस. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, “आता त्या पोरीनं माफ करावं म्हणून तिच्या मागं लागू नको. तिच्या मनानं येईल तर येईल.” क्लब काढल्यापासून त्या विषयावर ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलले होते.

लातूरचा संघ राज्याच्या स्पर्धेत दुसऱ्याच सामन्याला हरला. त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. धम्मप्रियानं आशा सोडली होती. आणि एका दुपारी सुकन्या एकटीच अर्धापूरच्या स्टँडवर उतरली आणि तिथून फोन केला.

दोघी भीमाच्या घरी गेल्या. भीमा कामावर होता. लुंबिनी ओसरीत बसून वाचत होती. तिनं आत बोलावलं, पाणी दिलं. सुकन्यानं बसल्या बसल्या सगळं सांगितलं. तुझा पाय माझ्या पायावर होता, मला कळलं होतं, आणि मी मुद्दाम गप्प बसले. माझं चुकलं.

लुंबिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला तर ठाऊकच होतं. मला काय सांगता? तुमी चौघांत गप बसल्या. माझ्या बापाला कामाच्या आड्ड्यावर लोक इचारून राहिले, पोरगी हारली म्हणून पंचावर ढकलती का. त्यांना सांगा.”

सुकन्याचा चेहरा उतरला. ती धम्मप्रियाकडं बघायला लागली, पण धम्मप्रियानं तोंड उघडलं नाही. हे तिनं ठरवायचं नव्हतं. सुकन्यानं विचारलं, “आत्ता?”

“हाव. ट्रक लागलाय. समदे हायत.”

पॅकिंग हाऊसला खरंच गर्दी होती. बाया टाक्यात घड धूत होत्या, गडी खोकी चढवत होते, भुजंगराव खुर्ची टाकून बसले होते. क्लबातल्या दोन-तीन मुलीही कामावर होत्या. लुंबिनी भिंतीला टेकून उभी राहिली. सुकन्या अंगणाच्या मध्ये गेली. सुरुवातीला कोणाचं लक्षच नव्हतं. मग भुजंगरावांनी हात वर केला आणि ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं.

सुकन्या हळू आवाजात बोलली. मागच्या बायांना ऐकू गेलं नाही, एकीनं मोठ्यानं बोल म्हटलं. तेव्हा तिनं पहिल्यापासून परत सांगितलं, आपलं नाव, गाव, त्या दिवशी काय झालं ते. “भीमाकाका, तुमची मुलगी जिंकली होती,” ती म्हणाली, “मी ते गिळलं.”

भीमाच्या खांद्यावर घड होता. त्यानं तो सावकाश खाली ठेवला. मग त्यानं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि म्हणाला, “बसा. पाणी घ्या.” एका म्हातारीला मात्र राग आला होता. अशा बोलण्यानं कप परत येतो का, असं तिनं विचारलं.

भुजंगरावांनी त्या हंगामाला अंगणाचा अर्धा भाग मुलींना राहू दिला. लुंबिनी लगेच आली नाही. दिवाळी गेली, एक दिवस ती सराव चालू असताना आली, बूट घातले आणि रांगेत उभी राहिली. ती पूर्वीपेक्षा जोरात खेळायला लागली. फक्त धम्मप्रियाला ताई म्हणायचं तिनं सोडलं. ‘मॅडम’ म्हणायची. धम्मप्रियानं ते ऐकून घेतलं. आपल्या क्लबाच्या सामन्याला पुन्हा पंच व्हायचं नाही, हे तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. बाहेरच्या जिल्ह्यांत मात्र ती शिट्टी घेऊन जायची आणि बघितल्याशिवाय वाजवायची नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी लातूरचा संघ अर्धापूरला खेळायला आला. पंच दोन्ही बाहेरचे. पॅकिंग हाऊसच्या छपरावर, ट्रकच्या टपावर माणसं बसली होती. लुंबिनीनं सगळ्यांत जास्त गुण केले, तरी अर्धापूर हरलं, आणि चांगलं दणकून हरलं. सुकन्यानं तिला बेसलाइनच्या बाजूनं एकदाही आत येऊ दिलं नाही. दोघी अख्खा सामना एकमेकींपुढं होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

सामन्यानंतर सगळ्या जेवायला बसल्या. लुंबिनीचं लवकर आटोपलं. ती चेंडू घेऊन सुकन्यापाशी गेली आणि विचारलं की तुम्ही कोपऱ्यात पाय आधी टाकता की खांदा आधी वळवता. सुकन्यानं हात धुतले आणि उठली. दोघी रिंगखाली गेल्या. सुकन्या एकेक पाऊल टाकून दाखवत होती, लुंबिनी चेंडू घेऊन पुन्हा पुन्हा तिच्या अंगावर जात होती, मधेच थांबून काहीतरी विचारत होती.

धम्मप्रिया बाकावरून बघत होती. तिकडं जावंसं तिला वाटलं, पण ती गेली नाही. लातूरची गाडी निघायच्या तयारीत होती आणि ड्रायव्हर घाई करत होता. ती त्याच्याकडं गेली आणि अजून थोडं थांबा म्हणाली.